कुंडीशिवाय रोप

(दृश्य: कोपरापर्यंत चिखलात बुडालेले हात. पार्श्वसंगीत नाही.)

आज कुंडीऐवजी ओलं मिश्रण दाबून ठोकळे पाडायचे आणि त्यांतच रोपं वाढवायची. त्यासाठी हे मिश्रण मुठीत घेऊन दाबायचं. बोटांच्या फटींतून चार-दोन थेंब ओघळले पाहिजेत. थेंबच आला नाही, तर ठोकळ्याचा भुगा होणार. धार लागली, तर तो बसणार. कुंड्या भरायची सवय असलेल्या हाताला एवढं ओलं चुकीचंच वाटतं. पण सगळी मेख इथेच आहे.

आत काय? तीन भाग भिजवलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोन भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट, एक भाग बागेतली माती. सगळं चाळलेलं. एखादी काडी राहिली, तर ठोकळा नेमका तिथेच चिरतो.

(दृश्य: पाइप आणि दट्ट्या.)

साचे विकत मिळतात. हा घरचा आहे: पाच सेंटिमीटर व्यासाच्या पाइपचा तुकडा आणि आत सैलसर सरकणारा लाकडी दट्ट्या. दट्ट्याच्या तोंडाला मधोमध स्क्रूचं डोकं ठेवलंय, त्यानं बियासाठी खळगी आपसूक पडते. पाइप मिश्रणात दोन-तीनदा खुपसायचा, ट्रेवर टेकवायचा आणि दट्ट्या दाबून धरत पाइप हळूच वर ओढायचा. दर वेळी साचा पाण्यातून काढायचा, नाहीतर ठोकळा आतच चिकटून बसतो.

मेक्सिकोत सोचिमिल्कोच्या पाणथळ शेतांवर, म्हणजे चिनांपांवर, एवढाही खटाटोप नसतो. तळातला गाळ उपसून वाफ्यात पसरतात, जरा आवळला की सरळ चौकोनी वड्या कापतात आणि प्रत्येक वडीत बी टोचतात.

(दृश्य: ट्रे, अगदी जवळून. ठोकळ्यांमधली बोटभर फट.)

ही फट जागा वाया घालवत नाही. कुंडीत मूळ भिंतीला आपटतं आणि वळसे घेत राहतं. इथे भिंतच नाही. मुळाचं टोक कडेला आलं की हवा लागते, टोक सुकतं, वाढ थांबते, आणि मागून नव्या उपमुळ्या फुटतात. ठोकळे एकमेकांना चिकटवून ठेवलेत, तर मुळं शेजारच्या घरात शिरतील. मग सोडवत बसा.

पहिल्या खेपेला मी झारीनं पाणी घातलं होतं. पाच मिनिटांत ट्रेभर गाळ, आणि कुठलं बी कुठलं, पत्ता नाही. तेव्हापासून वरून फक्त बारीक फवारा. अंकुर स्थिरावले की ट्रेमध्ये थोडं पाणी सोडायचं. ठोकळा खालून ओढून घेतो. मात्र पूर्ण सुकू द्यायचा नाही. एकदा कडक झालेला ठोकळा सहजासहजी भिजत नाही.

लेट्यूसचं बी उघडंच राहू द्या, त्याला रुजायला उजेड लागतो. टोमॅटोवर मात्र मातीची पातळ चादर हवी, आणि पंचवीस अंशांच्या आसपासची ऊब. काकडी, भोपळ्याला मुळं हलवलेली खपत नाहीत. त्यांच्यासाठी तर ही पद्धत फारच सोयीची.

(दृश्य: तळहातावर एक ठोकळा, चहूबाजूंनी पांढरी टोकं डोकावतायत.)

आता रोपाला बोट लावायची गरज नाही. खड्डा ठोकळ्याएवढाच. ठेवायचा, माती सारखी करायची, पाणी द्यायचं. पुढचा ट्रे भिजवलेला आहेच.