औषधाच्या आधीचं काम: जामखेडच्या बायकांची गोष्ट

1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघं नवरा-बायको जामखेडला आले. अहमदनगर जिल्हा, आता अहिल्यानगर म्हणतात, त्यातला हा सततचा दुष्काळी तालुका. वेल्लोरला डॉक्टर झालेले, अमेरिकेत पुढचं शिकून आलेले, शहरात सहज जम बसला असता. इथे तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांमागे 176 बाळं वर्षाच्या आत जायची. कशाने? जुलाब, न्यूमोनिया, धनुर्वात, गोवर, आणि त्यात पोटाला पुरेसं नाही. बहुतेक सगळं टाळता येण्यासारखं होतं हो, म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून बघितल्या, पण ते काही जमलं नाही. तरुण मुलीला परक्या गावात एकटीने राहायचं अवघड आणि गावातल्या बायका तिचं ऐकेनात, ही बाहेरची, हिला आमचं काय कळणार. मग गावातूनच सूचना आली की आमच्यातलीच एखादी घ्या की. गावाने निवडलेल्या बायका आल्या, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, कितीतरी दलित वस्तीतल्या. दर आठवड्याला जामखेडला यायच्या, सगळ्या जातीच्या एकत्र जेवायच्या, मुक्काम करायच्या, बाळाचं वजन कसं करायचं, गरोदर बाईच्या अंगावर सूज आली तर काय समजायचं, लस कधी द्यायची, हे सगळं शिकायच्या आणि गावात जाऊन घरोघर सांगायच्या. जुलाब लागला की पोराचं पाणी तोडायचं असा समज होता, तो डॉक्टरच्या लेक्चरने जाणारा नव्हता. शेजारच्याच बाईने चुलीपाशी बसून मीठ-साखरेचं पाणी चमच्या चमच्याने पाजून दाखवलं, पोरगं तरतरीत झालं, मग पटलं.

पाण्याचं काम तर मला सगळ्यात मोठं वाटतं. बोअर घ्यायचे ते दलित वस्तीत घेतले, म्हणजे स्वच्छ पाणी हवं तर सगळ्या गावाला तिकडेच यावं लागणार! ज्यांना विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते त्यांच्या दारात अख्खं गाव हंडे घेऊन यायला लागलं. शेतकरी मंडळं, महिला मंडळं उभी राहिली, सांडपाण्याला शोषखड्डे झाले, पाच वर्षांखालच्या मुलांचं जेवण गावात एकत्र शिजायला लागलं. यातलं औषध कुठलंच नाही, पण आजार कमी झाले ते यानेच. बालमृत्यू काही वर्षांतच झपाट्याने खाली आले.

जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्येच या कामाची माहिती छापली होती, 1978 ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आटा शहरात जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, आणि 1979 ला आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

2005 पासून देशभर आशाताई आल्या, कल्पना तीच, गावातली बाई गावासाठी. त्या बाळंतिणीकडे जातात, लसीला पोरं गोळा करतात, तापाच्या पेशंटची रक्ताची तपासणी करतात, आणि वर रजिस्टर, ॲप, सर्वे. पैसे बरेचसे कामागणिक. मला कुणी विचारलं तर मी आधी हेच मागेन की त्यांना वेळेवर नीट मानधन द्या, आणि आठवड्यातून एक दिवस असा द्या की त्या दिवशी एकही फॉर्म भरायचा नाही, सगळ्याजणींनी एकत्र बसायचं, कुणाच्या घरात काय अडलंय ते बोलायचं आणि एकमेकींकडून शिकायचं, जामखेडला बायका बसायच्या तसं.