पऱ्हाटी सिमेंटच्या भट्टीत? आधी ओल बघा!

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून उरलेली झाडं; ती सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून चालते. मागच्या व्हिडिओखाली अर्ध्याअधिक कॉमेंट एकच: "दादा, पऱ्हाटीला टनाला काय भाव?" ओल किती चालते, हे एकानंही विचारलं नाही. एकानंही!

भट्टीचं पटकन उरकतो. चुनखडी आणि माती साधारण १४५० अंशांपर्यंत तापवली की क्लिंकर, म्हणजे कडक गोळे, होतो; तो जिप्समबरोबर दळला की सिमेंट. भट्टीत कोळशाची भुकटी जळते. पण भट्टीच्या आधी चुनखडी भाजून घेणारा कॅल्सायनर असतो, तिथे ९०० अंशांच्या आसपास भागतं. म्हणून पऱ्हाटी, तुराट्या, भाताचं तूस तिथे चालतं. राखही क्लिंकरमध्येच मुरते. झालं.

आता ओल. नुकत्या उपटलेल्या पऱ्हाटीत ४० टक्के पाणी धरा. म्हणजे टनात ६०० किलो लाकूड आणि ४०० लिटर पाणी. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यापर्यंत ट्रॉली नेताना डिझेल कुणाचं जळतं? तुम्ही पाण्याचं भाडं भरताय, राजेहो!

नाही पटलं? चुलीपाशी चला. ओलं सरपण घातलं की टोकाला फेस येतो, घरभर धूर, आणि माय फुंकून फुंकून बेजार. भट्टीतही तेच. लिटरभर पाण्याची वाफ करायला ६०० किलोकॅलरी जातात. वर त्या वाफेचा पसारा केवढा! ती ओढायला मोठा पंखा लागतो. तो आधीच पूर्ण जोरात असेल, तर चुनखडीच कमी सोडावी लागते. म्हणून गेटवरचा माणूस नाक मुरडतो. तो तुमचा वैरी नाही.

तरी तिसऱ्यांदा सांगतो, कारण हे मी स्वतः भोगलंय. हिरवट पऱ्हाटीचा भुगा केला आणि शहाणपणानं ताडपत्रीखाली झाकला. चौथ्या दिवशी हात घातला, तर आतून चटका! वर बुरशीचा वास. ट्रॉली गेटवरून परत. येताना पंक्चर झाली, ते वेगळंच.

"मग सिमेंट प्रदूषणमुक्त झालं का?" अहो, नाही. सिमेंटचा निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड चुनखडीतूनच सुटतो. पऱ्हाटी त्याला काय करणार? कोळसा तेवढा वाचतो, आणि बांधावर पेटवायची वेळ येत नाही.

"उन्हाळाभर बांधावर रचून ठेवतो, आपोआप वाळेल," असं म्हणणाऱ्या काकांना मात्र हात जोडतो. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते. पुढच्या हंगामाचं बियाणंच घरात ठेवल्यासारखं. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस उभा ठेवणं, नको; रचून ठेवणं नको. डिसेंबर-जानेवारीत रान मोकळं करा, श्रेडरनं बोंडांसकट तुकडे करा, उन्हात पातळ पसरा, दिवसातून एकदा खालवर करा.

मग जाडसर तुकडा हातात घ्या. वाकला, तर अजून चार उन्हं द्या. कडकन मोडला, की विचारा भाव.