बाराखडी पाठ, पण वाचता येईना

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

मूल 'क का कि की' पासून 'कः' पर्यंत घडाघडा म्हणतं. घरात कौतुक होतं. पण वर्तमानपत्रातला सुटा 'की' पुढे ठेवला, की ते आपल्या तोंडाकडे बघतं. त्याने बाराखडी चालीवर पाठ केलेली असते. चालीतून एक अक्षर बाहेर काढलं की ते त्याच्या ओळखीचं उरत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला घरी वाचायला शिकवताना बाराखडी जरा मागे ठेवा.

पहिले पंधरा दिवस पाटीसुद्धा नको, नुसते कान. टाळ्या वाजवून शब्द तोडायचे: 'ना-शिक' दोन टाळ्या, 'ब-टा-टा' तीन. मग मीठ, मसूर, मोहरी म्हणताना सुरुवातीला ओठ मिटतात, हे मुलाला स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून बघू द्या.

यानंतर अक्षरं. 'अ आ इ ई'च्या क्रमाने जाऊ नका. म, न, स, र, ल, व ही सहा आधी घ्या, आठवड्याला दोन किंवा तीन. कारण साधं आहे : हे आवाज लांबवता येतात, क, ट, प लांबवता येत नाहीत. आणि वाचन अडतं ते नेमकं जोडण्यात. आपण 'म', थांबून 'न' असं म्हणतो. दोन्ही अक्षरांतला 'अ' ठसठशीत येतो, आणि त्यातून 'मन' ऐकू येणं अवघड जातं. बोलताना शेवटच्या 'न'मधला 'अ' आपण गाळतोच. तेव्हा 'म' लांबवत न थांबता 'न'वर येऊन मिटायचं : मऽन. रस, वर, सरस, मलम, नवल असे शब्द जमले की फक्त काना द्यायचा. एवढ्या अक्षरांत 'मामा, मला लाल नाव' हे वाक्य तयार होतं, आणि पहिलं वाक्य स्वतः वाचल्यावर मूल पाटी सोडत नाही.

'म ला काना मा' हे चिन्हाची ओळख करून देताना म्हणा, पुढे सोडून द्या. प्रत्येक अक्षराला ते चालू राहिलं तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. वेलांट्यांत दुसरी आधी शिकवा: मी, ती, नदी. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते पण उच्चार अक्षरानंतर होतो. त्यामुळे 'कि'ला 'इक' म्हणणारी मुलं घरोघरी सापडतील. दोन्हींत दोनेक आठवड्यांचं अंतर राहू द्या.

लिहिताना घाई नको. आधी फरशीवर खडूने मोठं, मग पाटी, वही शेवटी. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर, डावीकडून उजवीकडे. मात्र भ, ध आणि थ वर रेघ तुटते, तिथे हात उचलायचा. सरसकट रेघ ओढली की 'धन'चा 'घन' होतो. म-भ, घ-ध या जोड्या एकाच आठवड्यात शिकवणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

अनुस्वारासाठी नाशिककरांना वेगळी यादी नको, रस्त्यावरच्या पाट्या पुरेत. गंगापूर, पंचवटी, इंदिरानगर, अंबड : टिंब एकच, पण पुढच्या अक्षराप्रमाणे चार ठिकाणी चार वेगळे आवाज. नावं मोठ्याने म्हणून घ्या, ओठ कुठे मिटतात ते विचारा. नियम सांगत बसू नका.

व्याकरणाचंही तेच. नाम, सर्वनाम ही नावं या वयात कशाला? तो दगड, ती माती, ते झाड. एक पान, पाच पानं, एवढा तोंडी खेळ पाच मिनिटं खूप झाला. ऱ्हस्व-दीर्घ मात्र जोडीने दाखवा : फूल-फुले, मूल-मुले, वीट-विटा. शेवटचं अक्षर दीर्घ झालं की आधीचं ऱ्हस्व होतं, हे चार जोड्यांत मुलालाच दिसतं. चुका तपासताना एका दिवशी एकाच प्रकारच्या तपासा. वही लाल झाली की मूल पुढच्या वेळी लिहिताना अवघड शब्द टाळतं.

कळवण, सटाणा, मालेगाव भागातल्या श्रोत्यांसाठी एक गोष्ट. घरी अहिराणी असेल तर मूल पुस्तकातल्या 'डोळा'ला 'डोया' वाचेल. बऱ्याच घरांत 'पाणी'चं 'पानी' होतं. अक्षर त्याने बरोबर ओळखलेलं असतं, तोंडी घरचा शब्द येतो. 'घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात', एवढं सांगा. हसू नका, रागावू तर मुळीच नका.

रोज दहा-पंधरा मिनिटं, तीही जेवणानंतर पेंगताना नव्हे. आणि वर्षभर नियमित बसूनही दुसरीतल्या मुलाला बिनकान्याचे तीन अक्षरी शब्द जुळत नसतील, तर अभ्यास वाढवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या.