ज्येष्ठांची औषधं: जुनी यादी, नवी चिठ्ठी

वयस्कर माणसाच्या गोळ्यांचा घोळ बहुधा यादी बदलते त्या वेळी होतो. रुग्णालयातून घरी येताना हातात नवी चिठ्ठी असते आणि कपाटात जुन्या स्ट्रिप्स. रुग्णालयाने दिलेली टेल्मिसार्टन आणि घरात आधीपासून असलेली टेल्मिसार्टन यांची ब्रँडनावं वेगळी, रंगही वेगळे. मग दोन्ही गोळ्या सुरू राहतात, बीपी खाली जातं आणि माणूस बाथरूममध्ये पडतो. तेव्हा स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडा. बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचा. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

घरी आल्याच्या दिवशीच सगळी औषधं टेबलावर मांडा. कपाटातली, उशाजवळची, फ्रिजमधली, डोळ्यांचे थेंब, जीवनसत्त्वं, काढे, चूर्णं, सगळं. प्रत्येकापुढे मूळ नाव, ताकद, वेळ, कोणी सुरू केलं आणि कशासाठी, हे लिहा. ‘कशासाठी’ हा रकाना रिकामा राहिला, तर ते औषध डॉक्टरांपुढे ठेवायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही: रोजचं झोपेचं किंवा चिंतेवरचं क्लोनाझेपाम एकदम थांबलं तर झटके येऊ शकतात, बीपी-हृदयासाठीचं मेटोप्रोलॉल थांबलं तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत दुखू शकतं. डॉक्टरांनी बंद केलेली औषधं मात्र त्याच दिवशी घरातून हलवा. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेली स्ट्रिपच पुढे घात करते.

आता वयामुळे काय बदलतं ते पाहू. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते. त्यांचं काम तपासणाऱ्या रक्तचाचणीतला क्रिएटिनिनचा आकडा मात्र नॉर्मल दिसू शकतो, कारण ते स्नायूंतून येतं आणि स्नायूच आटलेले असतात. हृदयासाठीचं डिगॉक्सिन क्षमता घटल्यामुळे अंगात साठतं. शरीरात चरबीचं प्रमाण वाढलेलं असतं, म्हणून झोपेसाठी, चिंतेसाठी दिलं जाणारं डायझेपाम कित्येक दिवस रेंगाळतं. १९९१ साली अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी ज्येष्ठांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती आजही सुधारली जाते. डायझेपाम तिच्यात आहे, तशीच रक्तातली साखर फार काळ खाली ओढून ठेवणारी ग्लिबेनक्लामाइडही. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत असणारं साधं क्लोरफेनिरामिनसुद्धा आहे. त्याने लघवी अडते, माणूस बरळू लागतो आणि घरच्यांना वाटतं, वयाचं आहे.

दुखण्याच्या गोळ्यांवर जरा थांबतो. लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, सोबत बीपीची एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन आहे, आणि गुडघ्यासाठी कोणी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून दिलं. ही तिकडी मूत्रपिंडांचं काम अचानक बिघडवू शकते, विशेषतः जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना. चिठ्ठीशिवाय ही गोळी आणणारे आपणच असतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण ते सर्दी-तापाच्या मिश्र गोळ्यांतही असतं. दिवसाची बेरीज करा आणि वजन कमी असेल किंवा यकृत कमजोर असेल तर मर्यादा डॉक्टरांना विचारा.

नवी तक्रार आली की आधी यादीकडे बघा. अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोटे सुजू शकतात. सूज पाहून लघवीची गोळी दिली जाते, तिने सोडियम उतरतं, गुंगी येते आणि गुंगीवर आणखी एक गोळी सुरू होते. पहिलीच बदलली असती तर पुढच्या लागल्याच नसत्या.

संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. तिचा वार यादीत ठळक लिहा. थायरॉइडची गोळी अनशापोटी, कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून ४ तास लांब. अ‍ॅलेन्ड्रोनेट ही हाडांच्या ठिसूळपणावरची गोळी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते.

सात दिवसांचा डबा चांगला, पण त्यात सगळं भरू नका. रक्ताच्या गुठळ्या रोखणारं डॅबिगॅट्रान ओलाव्याने खराब होतं, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनही मूळ बाटलीतच हवी. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटायची नाही; दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळता येत नसेल तर त्याच औषधाचा पातळ प्रकार मिळतो का, हे औषध दुकानदाराला विचारा.