आधी शेळी तपासा

नमस्कार श्रोतेहो.

रात्री पाला टाकून, पाणी दाखवून वाड्याचं दार लावावं आणि सकाळी उघडावं तर शेळी ताठ. अंगाला भोकं, जमिनीवर रक्ताचा मागमूस नाही. शेळी पाळणाऱ्या घराला हे दुःख मी वेगळं काय सांगणार!

नेमकं हेच १९९५ साली कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटावर घडत होतं. मार्चमध्ये आठ मेंढ्या अशा सापडल्या. मग शेळ्या गेल्या, कोंबड्या गेल्या. सिल्व्हेरिओ पेरेझ नावाचे विनोदी कलाकार सॅन हुआनच्या रेडिओवर या प्रकाराबद्दल बोलत होते, त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला: चुपाकाब्रा. स्पॅनिशमध्ये चुपार म्हणजे चोखणं, काब्रा म्हणजे शेळी. शेळ्यांचं रक्त शोषणारा. बारसं रेडिओवर झालं, हे ध्यानात घ्या. माइकसमोर बसणाऱ्या आम्ही माणसांनी शब्द तोलूनमापूनच वापरावा, असं मला मनापासून वाटतं. एकदा नाव कानात बसलं की माणूस तेच शोधत फिरतो.

आता प्रश्न असा, की गूढ प्राण्यांचा माग काढणाऱ्या अभ्यासकांनी, म्हणजे क्रिप्टोझूऑलॉजिस्ट मंडळींनी, या चुपाकाब्राचा गंभीरपणे अभ्यास करावा का? मी पशुवैद्य आहे, माझं उत्तर सरळ आहे. करावा. पण आधी शेळी तपासावी. पुन्हा सांगतो, प्राणी मागाहून शोधा, आधी शेळी तपासा.

का, ते सांगायला मला कानोव्हानास गावाची हकीकत सांगावीच लागेल.

त्याच १९९५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका बाईंनी घराच्या खिडकीतून काहीतरी पाहिलं. दोन पायांवर चालणारं, काळेभोर मोठे डोळे, लांब बोटं, पाठीवर काट्यांची रांग. त्या वर्णनावरून चित्र काढलं गेलं आणि चुपाकाब्रा म्हटलं की तेच चित्र जगभर दिसू लागलं. गाव धास्तावलं. महापौर होते चेमो सोतो. त्यांनी माणसं गोळा केली, हत्यारं घेतली, पिंजऱ्यात आमिषाला शेळी ठेवली आणि रात्री रान पिंजून काढलं. हाती काही लागलं नाही. तरी त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. ज्याचं जनावर मेलं त्याच्या दारात कुणीतरी जायला हवं. आपण शेळीला गरिबाची गाय म्हणतो, मग ती मेल्यावर त्या गरिबाला पंचनाम्यासाठी चार चार दिवस का तिष्ठावं लागतं? असो, तो विषय स्वतंत्र आहे.

पुढे बेंजामिन रॅडफर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकानं या प्रकरणासाठी पाच वर्षं दिली. त्यानं त्या बाईंचं वर्णन मुळापासून तपासलं. आणि एक धागा सापडला. जुलै १९९५ मध्ये, म्हणजे बाईंना ते दिसलं त्याच्या महिनाभर आधी, हॉलिवूडचा ‘स्पीशीज’ चित्रपट प्रदर्शित झाला होता. त्यातही पाठीवर काटे असलेला परका जीव आहे. प्वेर्तो रिकोमधली आरेसिबोची प्रचंड रेडिओ दुर्बीणही त्यात आहे. बाईंनी स्वतःच सांगून ठेवलं होतं, की मी तो चित्रपट पाहिलाय, त्यातला प्राणी चुपाकाब्रासारखाच दिसतो. बाई खोटं बोलत होत्या असं मी मुळीच म्हणणार नाही. भेदरलेल्या माणसाला जे अंधुक दिसतं, ते आठवताना आधी पाहिलेल्या चित्राचे रंग घेतं. म्हणूनच, श्रोतेहो, साक्ष ऐका, पण आधी शेळी तपासा.

अमेरिकेत टेक्ससमध्ये हाच चुपाकाब्रा चार पायांवर आला. २००७ मध्ये क्वेरो गावाजवळ रस्त्यावर बिनकेसाचं, विचित्र जनावर मरून पडलेलं मिळालं. एका बाईंनी त्याचं मुंडकं फ्रीझरमध्ये जपून ठेवलं. फार मोलाचं काम केलं त्यांनी! टेक्सस स्टेट विद्यापीठात डीएनए तपासला, तो निघाला कायोटी, आपल्या कोल्ह्या-लांडग्यांच्याच कुळातला. केस का नव्हते? बहुधा लूत. लूत लागलेलं कुत्रं तुम्ही पाहिलंय, तसंच. अशा खंगलेल्या जनावराला रानातली शिकार झेपत नाही, मग ते बांधलेल्या शेळीवर येतं.

आणि रक्त? नोकरीत असताना अशी एक शेळी मी उघडली होती. वरून बघावं तर मानेवर केसांत लपलेली जेमतेम दोन भोकं. कातडी सोलली तर खाली तळहाताएवढं काळंनिळं साकळलेलं रक्त, श्वासनलिका चेंगरलेली. रक्त कुणी नेलं नव्हतं, आतच होतं. मेल्यावर ते जमिनीकडच्या अंगाला उतरतं आणि गोठतं, वरून कापलं तर थेंब येत नाही. मालक शेजारी उकिडवे बसून सगळं बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे कुत्रीच ना, डॉक्टर?” कुत्रीच. पाळून मग रस्त्यावर सोडून दिलेली. कुत्रं सोडून देणाऱ्याला मी माफ करू शकत नाही.

ऐकीव प्राणीही खरा निघू शकतो, हे सांगायला गूढ प्राण्यांचे अभ्यासक जिराफाच्या कुळातल्या ओकापीचा दाखला देतात. खरा आहे. आफ्रिकेतल्या काँगोच्या जंगलातला हा प्राणी शास्त्राला १९०१ मध्ये ठाऊक झाला. पण हॅरी जॉन्स्टन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं लंडनला कातडं आणि कवट्या पाठवल्या, तेव्हा.

तर तुमच्या वाड्यात असं काही झालं तर शेळी लगेच पुरू नका. सावलीत गोणपाटाखाली झाकून ठेवा, भोवतालचे पायांचे ठसे कुणाला तुडवू देऊ नका, आणि पोट फुगायच्या आत जनावरांच्या दवाखान्यात निरोप धाडा.