‘निसर्ग बघून घेईल’ म्हणणाऱ्यांसाठी

मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पन्नास वेळा आलाय. “ताई, जमिनीत मुरलेलं पेट्रोल जीवाणू खातातच ना, मग सफाईवर एवढा खर्च कशाला?”

खातात हो. बेन्झीन, टोल्युइन, अशी पेट्रोलमधली रसायनं. ते पचवायला आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होतो. हे झालं, पुढे चला.

सफाई अशी निसर्गावर सोपवण्याच्या पद्धतीचं पूर्ण नाव आहे मॉनिटर्ड नॅचरल अटेन्युएशन, म्हणजे सतत मोजमाप ठेवत निसर्गाला प्रदूषण कमी करू देणं. त्यातला ‘मॉनिटर्ड’ सगळे जण सोयीस्करपणे गिळतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, 1999 च्या मार्गदर्शिकेत बजावलंय की याचा अर्थ ‘काहीही न करणं’ असा नाही. गळकी टाकी तशीच ठेवून निसर्गाच्या नावाने हात झटकायचे, याला मी तरी पद्धत म्हणत नाही.

आता माझं खरं दुखणं. प्रदूषण कमी झालं म्हणजे संपलं, असं नसतं.

पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी ओतलं, तर मीठ कुठे गेलं? कुठेच नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बोअरचा नमुना मी मे महिन्यात घेतला, दुसरा सप्टेंबरात. बेन्झीन निम्म्यावर! फक्त पेढे आणायचे बाकी होते. साहेबांनी रिपोर्ट उलटा करून माझ्यासमोर ठेवला आणि क्लोराइडच्या, म्हणजे मिठाच्या, आकड्यावर बोट ठेवलं. तोही निम्म्यावर. “बेन्झीन जीवाणूंनी खाल्लं, मग मीठ कोणी खाल्लं?” पावसाचं पाणी मिसळलं होतं, बस.

बरं, पाऊस नाही, तरी आकडा उतरला. तरीही थांबा. बेन्झीन चिकणमातीला चिकटून बसलं असेल, तर तुमच्या बाटलीत ते येणारच कसं? पुढे हळूहळू सुटत राहतं.

आणि तिसरी गंमत, खरं तर गंमत नाहीच. धातूचे सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात. जमिनीत त्याचं प्रमाण उतरतं, लोक खूश. पण त्याचा एकेक क्लोरीन निघत मधे व्हिनाइल क्लोराइड तयार होतं, आणि ते माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालंय. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात पहिल्याची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम, दुसऱ्याची 2. त्या व्हिनाइल क्लोराइडचाही निकाल लावायची शेवटची पायरी गाठायला डीहॅलोकॉकॉइडिस नावाचे जीवाणू लागतात. ते तिथे नसतील तर गाडी अर्ध्या वाटेत बंद.

कोणी तरी लिहिलंय, “मग कळणार कसं?” शाब्बास, हा प्रश्न. जेवले की नाही ते ताटातल्या उष्ट्यावरून कळतं. ऑक्सिजन गायब, विरघळलेलं लोह वाढलेलं, मिथेन सापडतोय, म्हणजे खरंच पंगत उठलीय. आणि हे एका विहिरीत बघून चालत नाही. उगमाशी, मधे, पुढे आणि बाजूला, अशा विहिरी हव्यात, वर्षानुवर्षं.

अमेरिकेत मिनेसोटामधल्या बेमिजीजवळ हेच झालं. ऑगस्ट 1979 मध्ये पाइपलाइन फुटली, सुमारे 17 लाख लिटर कच्चं तेल सांडलं. उपसून, जाळूनही जवळपास 4 लाख लिटर जमिनीत राहिलं. 1983 पासून शास्त्रज्ञ तिथे ठाण मांडून आहेत. विरघळलेला बराच भाग जीवाणू वाटेतच संपवतात, पण मूळ तेल दशकांनंतरही आहेच. आणि खरी चपराक तर पुढे आहे: जीवाणूंनी मातीतलं लोह वापरलं, तेव्हा त्याला चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात सुटलं. लिटरला 230 मायक्रोग्रॅमपर्यंत, पिण्याच्या पाण्याची मर्यादा 10 ची! फक्त बेन्झीन मोजणाऱ्याला हे दिसलंच नसतं.

“आमच्या गावात चालेल का?” बेमिजीला वाळू आहे, पाणी बऱ्यापैकी सरळ झिरपतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेसाल्ट, पाणी भेगांमधून पळतं. शेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली, असं होऊ शकतं. त्यामुळे तिथला हिशोब उचलून इथे चिकटवू नका.

आणि ज्या दादांनी विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो म्हणून लिहिलंय, ते पाणी पिऊ नका, उकळूही नका, वाफेतून बेन्झीन घरात पसरतं. विहिरीपाशी विडी-काडी नको. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, वर हवेचा बुडबुडा न ठेवता. प्लास्टिकच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीचा रिपोर्ट मला पाठवू नका, मी बघणार नाही.