साठाव्या मिनिटानंतर

मित्रहो, सुरुवात एका कबुलीने करतो. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना मी एक गोष्ट खोटी सांगितलेली आहे. २५ मे २००५ च्या रात्री, आपल्या लिव्हरपूलच्या आणि इटलीच्या मिलानच्या इस्तंबूलमधल्या त्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात, आपल्या कप्तान जेरार्डने हेडरने गोल केला तेव्हा मी टीव्हीसमोर उभा होतो, जोरात ओरडलो, घरातले दचकून जागे झाले, वगैरे वगैरे. मी उभा नव्हतो. मी अंथरुणात होतो. मध्यंतरात तीन-शून्यचा फलक बघून मी टीव्ही बंद केला आणि तोंडावर पांघरूण घेतलं. (हशा)

हसा, पण तुमच्यातही असे बरेच आहेत. आज कुणी कबूल करत नाही एवढंच. लिव्हरपूलच्या कुठल्याही जुन्या चाहत्याला विचारा, तो म्हणणार, ‘मला आतून वाटतच होतं.’ काय वाटत होतं? समोर मिलान होती. बचावात काफू, नेस्टा, स्टाम आणि माल्दिनी. मधल्या फळीत पिर्लो, गात्तुझो, सेडॉर्फ. पुढे शेवचेन्को आणि क्रेस्पो, आणि त्यांना चेंडू पुरवायला काका. आणि आपण? इंग्लंडच्या लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर राहिलेला संघ. अशा सामन्यात तीन-शून्यने मागे असताना आतून काही वाटणाऱ्या माणसाला मी तरी भेटलेलो नाही. वाटलं ते सगळं नंतर.

तर मला झोप आली नाही. डोक्यात पहिलं मिनिट फिरत होतं. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं, आणि आपल्या डाव्या बचावपटूने, जिमी त्राओरेने, काकाला बाजूला पाडलं. पिर्लोची फ्री किक, आणि छत्तीस वर्षांच्या माल्दिनीने चेंडू हवेतच उजव्या पायाने जाळ्यात मारला. युरोपियन कपच्या अंतिम सामन्यातला तो सर्वांत वेगवान गोल. स्टेडियम शहरापासून दूर, उजाड माळावर, रस्ते तुंबलेले. एवढी पायपीट करून आत आलेला माणूस जागा शोधून बसेपर्यंत फलकावर एक लागलेला.

तेविसाव्या मिनिटाला क्यूएल जखमी होऊन बाहेर गेला, त्याच्या जागी स्मिचर आला. मग एकोणचाळिसाव्या मिनिटाला आपण पेनल्टी मागत होतो, नेस्टाच्या हाताला चेंडू लागला म्हणून. रेफरीने नाही म्हटलं, आणि त्याच हल्ल्यातून उलटा वार करत मिलानने दुसरा गोल केला. क्रेस्पो. तिसराही क्रेस्पोचाच, पण त्यातला अर्धा काकाचा. या काकांचं वय तेव्हा तेवीस होतं, पण वागणं थोरल्यासारखं. स्वतःच्या अर्ध्या मैदानात चेंडू घेतला, एका झटक्यात वळले, आणि आपल्या दोन बचावपटूंमधल्या फटीतून असा काही पास दिला की क्रेस्पोला फक्त पाय लावायचा होता. धावता धावता त्याने चेंडू आपल्या गोलरक्षकाच्या, दुदेकच्या अंगावरून अलगद उचलून टाकला. मी आपला लाल शर्ट घालून बसलेलो, आणि मनात म्हणालो, वा! आपल्या तोंडचं पाणी पळवणाऱ्या गोलाला वा म्हणावं लागतं, तेव्हा टीव्ही बंद करण्याची वेळ आलेली असते.

आता मध्यंतराकडे येऊ. या सामन्याच्या आठवणी निघाल्या की लोक मध्यंतरात फार रमतात. आपले प्रशिक्षक बेनितेझ असं बोलले, तसं बोलले. बोलणं झालं असेल, पण खुद्द बेनितेझ यांचं इंग्रजी तेव्हा बेताचं होतं. मला भाषणापेक्षा दुरुस्ती महत्त्वाची वाटते, आणि ती दुरुस्ती कशी झाली हे मजेशीर आहे.

त्यांनी ठरवलं की मधल्या फळीतल्या हामानला आत आणायचं. बाहेर कोण? त्राओरे. पहिल्या मिनिटाचा गुन्हेगार. त्याला सांगितलं, तुझं काम झालं, आणि त्याने बूट काढायला घेतलेही. इतक्यात फिजिओने सांगितलं की उजवीकडचा फिनन दुखापतीमुळे टिकणार नाही. फिनन म्हणतोय मी खेळतो, फिजिओ म्हणतोय नाही. मग निर्णय फिरला. फिनन बाहेर, आणि त्राओरे, बाबा, बूट घाल परत. मागे तीनच जण, कॅरागर, हुपिया आणि त्राओरे. हामान त्यांच्यापुढे, काकाच्या वाटेत. त्या गोंधळात फळ्यावर काही क्षण आपले बारा खेळाडू झाले होते, असंही सांगतात.

काकाला पहिल्या अर्ध्यात जी मोकळी जागा मिळत होती ती हामानने बुजवली. जेरार्डला मागची काळजी उरली नाही, तो पुढे सरकला. चमत्काराची चूल इथे पेटली. पाहुणे जमलेत, पंगत बसलीय आणि पाण्याचा नळ गळतोय, तेव्हा घरातला एखादा माणूस गुपचूप जाऊन वायसर बदलतो, तसं हे काम. वायसर बदलणाऱ्याची कुणी गाणी म्हणत नाही.

गाण्यावरून आठवलं. आपल्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, सामन्याआधी म्हटलं जाणारं आपलं गाणं त्या मध्यंतरात स्टँडमधून उठलं, आणि ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंना ते ऐकू गेलं. खेळाडूंनीच नंतर सांगितलंय, तेव्हा त्यावर मी शंका घेत नाही. पण ते विजयाच्या खात्रीने म्हटलं गेलं असं जे आपण सांगतो ना, ते पुन्हा रेकॉर्डिंगमध्ये ऐका. सूर जड आहे. घरातलं माणूस गेल्यावर चार लोक दारात येऊन उभे राहतात, तसा. आणि मिलानचे खेळाडू मध्यंतरातच जल्लोष करत होते ही जी कथा आपण चवीने सांगतो, ती त्यांनी वेळोवेळी नाकारली आहे. मला त्यांचं पटतं. त्या संघाने आदल्याच वर्षी, एप्रिल २००४ मध्ये, स्पेनच्या देपोर्तिवोविरुद्ध पहिला सामना चार-एक जिंकून परतीचा चार-शून्य हरला होता. एकदा तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. पण आपल्याला त्यांचा माज हवा असतो, कारण माज उतरवल्याशिवाय गोष्ट रंगत नाही.

आपल्या तीन गोलांच्या त्या सहा मिनिटांवर मी वेळ घालवत नाही, ती तुम्हाला पाठ आहेत. चोपन्नावं मिनिट, डावीकडून रिसेचा क्रॉस, जेरार्डचं डोकं. छप्पन्नावं, लांबून स्मिचर. हा त्याचा लिव्हरपूलसाठीचा शेवटचा सामना, क्लब सोडून जायचं ठरलेलं, आणि सुरुवातीच्या अकरात नावही नव्हतं.

मी पाणी प्यायला उठलो होतो. रात्रीचा एक कधीच वाजून गेला होता. जाता जाता आवाज बंद ठेवून टीव्ही लावला, निदान किती गोल खाल्ले ते बघावं म्हणून. कोपऱ्यात ३-२. मला वाटलं आकडा चुकलाय. मग दिसलं की गात्तुझोने जेरार्डला पाडलंय आणि रेफरीचं बोट ठिपक्याकडे आहे. म्हणजे मी पाहिलेलं पुनरागमन कुठून सुरू झालं? तर अलोन्सोच्या चुकलेल्या पेनल्टीपासून. मिलानच्या गोलरक्षकाने, दिदाने, उजवीकडे झेप घेऊन ती अडवली. आणि मी हताश व्हायच्या आत अलोन्सोने परत आलेला चेंडू डाव्या पायाने छताकडच्या जाळ्यात ठोकला. हातातला तांब्या कुठे गेला ते सकाळी कळलं.

साठावं मिनिट. तीन-तीन. आपल्या सगळ्यांच्या आठवणीत सामना इथे संपतो, आणि त्यानंतर एकदम पेनल्टी शूटआउटमधले दुदेकचे लटपटते पाय येतात. मधे काय झालं? मधे एक तास होता, मित्रहो. नियमित वेळेतला अर्धा तास आणि जादा वेळेचा अर्धा तास. आपण एकही गोल केला नाही. खरं सांगायचं तर आपण त्या तासात जेमतेम उभे होतो.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मिलानचे चाहते आहेत. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी हा सामना रेकॉर्डिंगवर पुन्हा पाहिला. मी सहा मिनिटं पुन्हा पुन्हा लावत होतो. ते म्हणाले, ‘ते राहू द्या हो, मला पुढचं लावा.’ पुढचं म्हणजे सत्तरावं मिनिट. मला ते आठवतच नव्हतं. डावीकडून आलेला खालचा क्रॉस दुदेकच्या हातून निसटतो. समोर शेवचेन्को. आदल्या वर्षाचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू, दारात उभा. तो मारतो, आणि गोलरेषेवरून एक पाय चेंडू बाहेर काढतो. पाय कुणाचा? त्राओरेचा. ज्याने मध्यंतरात बूट काढायला घेतले होते, त्याचा. फिननची दुखापत जरा हलकी असती तर तो पाय त्या वेळी शॉवरखाली असता.

आणि हे मी पाहिलं होतं, बरं का! तेव्हा जागाच होतो, टीव्हीसमोर होतो. न पाहिलेला जेरार्डचा हेडर मला बारीकसारीक तपशिलांसह आठवत होता आणि डोळ्यांनी पाहिलेला त्राओरे साफ पुसला गेला होता.

त्या गृहस्थांनी मग मला तो पूर्ण तास त्यांच्या बाजूने दाखवला. मिलानने सर्जिन्योला डावीकडून सोडलं, ताज्या पायांनी. त्याच्यासमोर आपण कुणाला उभं केलं? जेरार्डला, उजव्या बचावपटूच्या जागी. कप्तान, गोल करून आलेला, आता टचलाइनवर सर्जिन्योच्या मागे धावतोय, घसरतोय, उठतोय. कॅरागरच्या पोटऱ्यांत गोळे आलेले. एकदा चेंडू अडवायला त्याने पाय ताणला आणि तिथेच तो वेदनेने कळवळत पडला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कुणीतरी त्याचा पाय धरून ताणतंय, आणि याचं लक्ष चेंडू कुठेय त्याकडे. हे शूर वगैरे दिसत नाही. लग्नघरातलं शेवटचं पातेलं घासणारा माणूस जसा दिसतो तसं दिसतं.

आणि मग एकशे सतरावं मिनिट. सर्जिन्योचाच क्रॉस, शेवचेन्कोचा हेडर, जवळून. दुदेक तो कसाबसा खाली ढकलतो. चेंडू पुन्हा शेवचेन्कोच्याच पायात, गोलपासून हाताच्या अंतरावर. तो जोरात मारतो. जमिनीवरून अर्धवट उठलेल्या दुदेकचा हात वर जातो आणि चेंडू बारवरून बाहेर. रेकॉर्डिंग हळू करून बघा. दुदेक चेंडूकडे बघून हात नेत नाहीये, हात तिथे आहे आणि चेंडू त्यावर येतोय. आमच्या मिलानवाल्यांनी तिथे टीव्ही थांबवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. त्यांच्या लेखी सामना तिथे संपतो. त्यांच्या आठवणीत ती सहा मिनिटं म्हणजे एक अपघात. त्यांचा संघ त्यानंतर तासभर जिंकत होता, आणि जिंकला नाही.

शूटआउटबद्दल त्यांची एक तक्रार आहे, आणि ती रास्त आहे. पेनल्टी मारली जायच्या आतच दुदेक रेषा सोडून पुढे येत होता, पिर्लोच्या वेळी तर चांगलाच. आज ती पेनल्टी पुन्हा घ्यायला लावतील. सर्जिन्योने पहिलीच बारवरून मारली, पिर्लोची अडली, आपल्याकडून हामान, सिसे आणि स्मिचर यांनी गोल केले, रिसेची दिदाने अडवली. हामानच्या पायाचं हाड मोडलेलं होतं आणि त्याच पायाने त्याने मारली. शेवटी शेवचेन्को. पाय लटपटवायची ती युक्ती दुदेकला कॅरागरने सुचवली होती, १९८४ मध्ये रोमविरुद्ध आपल्या तेव्हाच्या गोलरक्षकाने, ग्रोबेलारने केली होती तशी. अडवली. शूटआउट तीन-दोन. पाचवा युरोपियन कप, आणि तेव्हाच्या नियमानुसार पाच झाले म्हणून तो कप कायमचा आपल्याकडे.

पिर्लोने पुढे लिहिलंय की त्या रात्रीनंतर त्याला खेळच सोडून द्यावासा वाटला होता. सोडला नाही. दोनच वर्षांनी, २००७ मध्ये अथेन्सला, मिलानने आपल्याला अंतिम सामन्यात दोन-एक हरवलं. त्या सामन्याच्या वार्षिकोत्सवाला आपण असे जमत नाही, हेही लक्षात घ्या. आमचे मिलानवाले मात्र म्हणतात की अथेन्सने इस्तंबूलची भरपाई झालेली नाही. कप मिळाला, पण शेवचेन्कोचा तो दुसरा फटका अजून बाहेरच जातोय.

बरं, माझी वेळ संपत आलीय, पडद्यामागून खुणा होतायत. आता आपण सामना बघणार आहोत. आयोजकांनी मला विचारलं होतं कुठून लावू. मी सांगितलंय, अलोन्सोचा गोल झाल्यानंतर मधल्या वर्तुळात चेंडू ठेवतात तिथून. कुरकुर करू नका, आधीचं तुम्हाला तोंडपाठ आहे. सत्तराव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात लक्ष ठेवा, आणि ते गृहस्थ तिसऱ्या रांगेत काळ्या-लाल मफलरमध्ये बसलेत, एकशे सतराव्या मिनिटाला त्यांच्याकडे बघू नका. दिवे घालवा, कृपया.